कधी कुणी विचारलंच नाही

भिवंडी,
२२ ऑगस्ट १९७७

जानकीताई,

तुझं आणि भावजींचं बरं चाललं असेल असं धरून लिहायला बसलेय. विठू आत्ताच झोपलाय. तो उठला की पत्र असेल तिथं थांबेल, तेव्हा अर्धवट वाटलं तर हसू नकोस.

आमच्या भिंतीला लागूनच लूमचा कारखाना आहे, तू बघितलायस. लग्न होऊन इथं आले तेव्हा वाटायचं, या खटाखटीत माणसं झोपतात कशी? आता ती थांबली की मला जाग येते. वीज गेली की सगळी भिवंडी एकदम गप्प होते आणि विठू रडायला लागतो. त्याला वाटत असेल, आईचं काळीजच थांबलं.

दुपारी खिडकीतून ऊन येतं, त्यातून कापसाचे बारीक तंतू तरंगत येतात. मी विठूला पाजत बसले की ते त्याच्या जावळावर उतरतात, माझ्या पापण्यांवर उतरतात. मग माझे डोळे आपोआप मिटतात. ताई, मला हल्ली दिवसाढवळ्या स्वप्नं पडतात. चुलीवर भात असतो आणि मी तानसा नदीच्या पाण्यात उताणी पडलेली असते, लहानपणी आपण पडायचो तशी. अंगाला वजनच नसतं. उठून उभी राहिले की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. दिसतात मात्र छान. ते विझेपर्यंत मी भिंतीला धरून बघत राहते.

ह्यांची शिफ्ट आठवड्याला बदलते. सासूबाई सकाळीच सुताच्या कांड्या भरायला कारखान्यात जातात. म्हणजे दिवसभर मी आणि विठू.

एक विचारू? अंगावर दूध असेपर्यंत पुन्हा दिवस जात नाहीत असं इथल्या बायका म्हणतात. खरं असतं का गं? तू बालवाडीत इतक्या आया बघतेस, म्हणून तुला विचारलं. दुसऱ्या कुणाला विचारायची लाज वाटते.

विठू उठला.

तुझी काशी


गणेशपुरी,
१० सप्टेंबर १९७७

काशे,

तुझं पत्र मी बालवाडीत नेलं होतं. पोरं झोपली की काढायचं, वाचायचं, पुन्हा घडी घालायची. तू सुखात आहेस हे त्याच्या ओळीओळीत दिसतं, म्हणून पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं. लहानपणीही तू अशीच. शेण गोळा करायला धाडावी तर टोपली पालथी घालून तिच्यावर बसायचीस आणि ढग बघायचीस.

पाण्याचं स्वप्न शुभ असतं म्हणतात. पाणी दिसलं की घरात पुन्हा पाळणा हलतो.

तू विचारलंस त्याचं काय सांगू? मी पोरांना गाणी शिकवते, त्यांची नाकं पुसते. बाकीचं मला कोण सांगणार? बायका बाळंतपणाच्या गप्पा मारत असतात आणि मी आले की पावसापाण्याचं बोलायला लागतात. लग्नाला आठ वर्षं झाली. आमच्या आईंनी यंदाही माझ्यासाठी वज्रेश्वरीला ओटी कबूल केली आहे. कुणी काही सांगितलं की मी करते. उपास धरते, कुंडावर अंघोळीला जाते, कुणाकुणाचा अंगारा खाते.

असो. तुझ्याविषयी बोलू. देव देतो तेव्हा नको म्हणू नये गं. एक काय नि दोन काय. माझ्या मनात तर येतं की तुझ्या अंगणात चार पोरं असावीत, म्हणजे त्यातलं एखादं रुसून माझ्याकडे पळून येईल.

बसच्या कंडक्टरजवळ नाचणीचं पीठ दिलंय. आंबील करून पी.

तुझी ताई


भिवंडी,
१८ ऑक्टोबर १९७७

ताई,

नाचणी पोचली. तू सुखात आहेस असं लिहिलंस, ते वाचून मी पत्र उशाखाली ठेवलं आणि बराच वेळ मला खरंच वाटलं की आहे.

आता खरं लिहिते. विठू झाल्यापासून मी बाजूला बसलेलीच नाही. आधी वाटलं दुधामुळं असेल. पण हल्ली सकाळी मळमळतं, पोट जड लागतं. मला वाटतं पुन्हा दिवस गेलेत. विठूच्या वेळी माझं किती रक्त गेलं ते आईनं तुला सांगितलं नाही, तुला वाईट वाटेल म्हणून. सुईण म्हणत होती, पोरगी हातची गेलीच होती. मी सोळाव्या वर्षी या घरात आले, सतरा पुरी झाली तोवर विठू पोटात होता. अजून एकोणीस पुरी व्हायचीय, ताई.

मरायचं भय नाही वाटत. वेगळंच भय वाटतं. परवा विठू रडत होता, मला ऐकू येत होतं, आणि माझ्यानं उठवेना. जणू तो नदीच्या पलीकडे रडतोय आणि मी अलीकडे. चुलीवर डाळ करपली, धूर झाला. शेजारची उत्तर प्रदेशातली भाभी धावत आली. तिनं डाळ उतरवली, विठूला उचललं आणि माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "अरे काशी, तू तो खुद बच्ची है."

स्वप्नात एक मुलगी येते. तानसेच्या पल्याड उभी असते, परकर पोलका घालून. मी ओरडते, येऊ नकोस, पाणी खोल आहे. ती म्हणते, मी थांबते की. तू आधी मोठी हो.

ह्यांना सांगायला धजत नाही. हे विठूला खांद्यावर घेऊन गल्लीभर मिरवतात आणि म्हणतात, पुढच्या साली याला भाऊ आणू. दवाखान्यात जायचं तर तिथला कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण बघूनच बायका रस्ता बदलतात. आणीबाणीत माणसं गाडीत घालून नेली, कायमचं बंद करून पाठवली, असं गल्लीत अजून सांगतात.

ठकुबाई म्हणून एक म्हातारी आहे, तिनं एक मुळी दिलीय. उगाळून घे, मोकळी होशील म्हणाली. दसरा झाला की घेईन.

तू येऊ नकोस. तिकडं भातकापणी आहे. कुणाला तरी सांगायचं होतं, म्हणून लिहिलं.

काशी


भिवंडी,
२६ ऑक्टोबर १९७७

अहो,

कापणी टाकून आले, आईंना न विचारता आले. राग आला असेल. काशीचं पत्र चुलीशेजारी ठेवून आले होते, ते वाचलं असेल तर गेलाही असेल.

मी पोचले तेव्हा वीज गेली होती. सगळी गल्ली मुकी. हवेत कापूस लोंबकळत होता, झोपेत चालल्यासारखी मी त्यातून चालत गेले. काशी भिंतीला टेकून बसली होती, डोळे उघडे, पण मी दारात उभी आहे हे तिला दिसतच नव्हतं. सहाण पुढ्यात, मुळी ओली.

"घेतलीस?" मी विचारलं.

"बोटानं चाटली. कडू लागली. मग विठू रडायला लागला." जरा वेळानं म्हणाली, "ताई, तू खरी आहेस का?"

मी मुळी मोरीत टाकली आणि तिला कुशीत घेऊन बसले. अहो, माझ्या धाकट्या बहिणीचं वजन आपल्या वासराएवढंही नाही.

लडकूराव शिफ्ट संपवून आले, केसांत पांढरा भुगा. मी त्यांना तिथंच सगळं सांगितलं. त्यांचं तोंड उतरलं. म्हणाले, "मला काय बोललीच न्हाय ही."

"तुम्ही विचारलंत? पुढच्या साली भाऊ आणायचा म्हणता, तर तिला विचारलंत कधी?"

"ताई, हे काय इचारायचं असतं? लगीन झालं की होतं आपसूक. थांबवता येतं ते मला कोन सांगणार? लूमवरची पोरं बोलतात, ती नुसती चेष्टा." आणि मग त्यांनी मांडीवर विठूला घेतलं आणि मान वरच केली नाही. बावीस वर्षांचा माणूस तो. मला त्याचाही राग धरवेना.

कोपऱ्यात बायजाबाई, काशीच्या सासूबाई, बसल्या होत्या. मला त्यांचंच भय होतं. त्या म्हणाल्या, "मला तरी कवा कोनी इचारलं? नऊ झाली माझी, तीन ऱ्हायली. दर खेपेला वाटायचं, आता बास. पन सांगायचं कोनाला? देवाला सांगितलं तं तो बी बाप्याच." मग उठून पदर खोचला. "चल गं पोरी. मी येते दवाखान्यात. बघतेच कोन धरतंय तुला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळी गेलो. डॉक्टरीणबाई होत्या. काशी सुईकडं बघत मागं सरकली. बाईंनी हातातली सुई बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "हे बघ, तुला विचारल्याशिवाय मी इथं काहीच करणार नाही. बोटाला टोचायचं तरी आधी सांगेन." मग तपासलं. दिवस गेलेले नाहीत. अंगात रक्तच नाही, म्हणून ती मळमळ, ते काजवे. ती मुळी पोटात गेली असती तर उरलंसुरलंही वाहून गेलं असतं. दूध चालू असताना पाळी लांबते, पण तेवढ्यावर विसंबायचं नाही, दिवस राहू शकतात, असं त्यांनी नीट समजावलं. दिवस राहू नयेत म्हणून लूप बसवता येतो, पण अंगात रक्त भरल्यावर. तोवर काळजी नवऱ्यानं घ्यायची.

लडकूराव बाहेर उभे होते. बाईंनी हाक मारली, "आत या. हे दोघांचं आहे, तिला एकटीला काय सांगू?" ते आले, घामाघूम झाले, पण सगळं ऐकलं.

निघताना बाईंनी मला विचारलं, "तुम्हाला मुलं?" मी नाही म्हणाले. त्यांनी विचारलं, "मालकांची तपासणी झाली आहे?" मी म्हणाले, "त्यांना काय झालंय?" त्या म्हणाल्या, "काही नसेलही झालेलं. पण मूल दोघांचं असतं, मग तपासणी एकटीचीच का?"

तुम्ही समोर असतात तर हे माझ्या तोंडून निघालं नसतं. म्हणून लिहिते. मी तुमच्याकडं आजवर काही मागितलं नाही.

जानकी


गणेशपुरी,
१ नोव्हेंबर १९७७

सौ. जानकीस,

पत्र पोचले. खालच्या खाचराची कापणी झाली. वरची तीन दिवसांत होईल. आईला सांगितलं की मीच तुला धाडली. ती गप्प आहे.

काशीला आराम पडेस्तोवर रहा. कंडक्टरजवळ तांदूळ व वाल देत आहे. बैलाचा खूर बरा आहे. बालवाडीतली पोरं दारावरून जाताना तुला हाका मारतात.

तू दुसरं जे लिहिलंस त्याचं उत्तर मला लिहिता येत नाही. ते वाचलं, एवढंच कळवतो.

काळूराम


भिवंडी,
९ डिसेंबर १९७७

ताई,

तू गेल्यापासून खोली मोठी वाटते. गोळ्या चालू आहेत, तोंडाला खिळा चघळल्यासारखी चव येते. काजवे गेले. खरं सांगू, थोडं चुकल्यासारखं होतं. पण परवा विठू रडला आणि मी उठले. कधी उठले तेही कळलं नाही, तो हातात आल्यावर कळलं.

आता ह्यांची गंमत ऐक. दवाखान्यातून आणलेलं संपलं म्हणून हे पानवाल्याकडं निरोध आणायला गेले. तिथं गल्लीतले चाचा उभे. ह्यांनी नुसतं "ते द्या" म्हटलं. पानवाल्यानं सुपारी दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, पुन्हा सुपारी घेऊन आले. तिसऱ्यांदा सासूबाईंनीच विचारलं, "एवढी सुपारी कोनाच्या लग्नाला?" हे लाल झाले, मी भिंतीकडं तोंड करून हसत राहिले, आणि त्या समजल्या. "दवाखान्यात फुकट मिळतं न्हवं? मंग तिथनं आन. लाज वाटत आसंल तं मी आनते." त्या दिवसापासून हे स्वतःच जातात आणि डब्यात घालून आणतात. लूमवरची दोन पोरं ह्यांना हळूच बाजूला घेऊन विचारतात. हे मास्तरासारखं सांगतात म्हणे.

विठूला अंघोळही हेच घालतात. पाणी आधी आपल्या मनगटावर बघायचं, हे त्यांना सासूबाईंनी शिकवलं. भाभी परवा म्हणाली, "हमको भी ले चल." मी तिला दवाखान्यात घेऊन गेले होते.

ती मुलगी अजून स्वप्नात येते. आता उभी नसते, बसलेली असते, पाण्यात खडे टाकत. तिला घाई नाही.

ताई, तुझ्या बालवाडीत येणाऱ्या आयांमध्ये माझ्यासारख्या किती असतील गं? कडेवर मूल आणि स्वतःचं अल्लडपण अजून गेलेलं नाही. तू ऐकलंयस ते सगळं त्यांना सांगशील? तुझा आवाज मऊ आहे. तू बोललीस की भीती वाटत नाही.

तुझी काशी


गणेशपुरी,
२३ जानेवारी १९७८

काशे,

तू म्हणालीस ते मी केलं. आणि सोडूनही दिलं. दोन्ही सांगते.

बालवाडीत बोलायला धीर होईना. चार भिंतींत बाई बोलायला लागली की दाराशी कान लागतात. पण या थंडीत बायका पहाटे गरम पाण्याच्या कुंडावर जातात. बाहेर धुकं, आत वाफ. शेजारणीचं तोंड दिसत नाही, नुसते आवाज. पाण्यात बसलं की स्वतःचे पायही आपले वाटत नाहीत. तिथं एका पोरीनं मला सहज विचारलं, "बाय, बाजूला बसल्यावर अंघोळ केली तं येड लागतं का?" मी म्हणाले, "न्हाय गं, उलट स्वच्छ राहायचं." मग दुसरीकडून आवाज आला, तिसरीकडून आला. वाफेतून प्रश्न येत गेले आणि मी डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं तसंच्या तसं सांगत गेले. ठाऊक नसेल ते ठाऊक नाही म्हणाले. एकीचा आवाज अगदी बारीक होता. पहिलटकरीण, तुझ्याहून लहान. म्हणाली, "मला माझं पोर आवडत न्हाय. पाप लागंल का?" मी म्हणाले, "पाप कसलं? तू दमली हायेस. उद्या त्याला घेऊन ये, मी धरते. तू नुसती पाण्यात बस." दुसऱ्या दिवशी ती आली. मी काठावर तिचं बाळ घेऊन बसले आणि ती पाण्यात डोळे मिटून बसली. बाहेर आली तेव्हा तिनंच हात पुढं केले.

असे काही दिवस गेले. रोज पोरी वाढत होत्या. त्यात तानी होती, राहीबाईची लेक, सोळा वर्षांची. वैशाखात तिचं लग्न ठरलंय. ती काही विचारत नसे, पण माझ्या जवळ जवळ सरकत येई.

परवा राहीबाई तिला शोधत आली. काठावर उभी राहून म्हणाली, "जिची कूस कोरडी ती आमच्या पोरींना काय शिकवनार? आपल्यासारखंच करून ठेवायचंय का समद्यांचं?"

मी पाण्याबाहेर निघाले. लुगडं गुंडाळलं आणि आले. तेव्हापासून जात नाही.

ह्यांना सांगितलं. ते कोयतीला धार लावत होते. लावतच राहिले.

तुझी ताई


भिवंडी,
२७ फेब्रुवारी १९७८

ताई,

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस. बस आधी.

भावजी इथं आहेत. तू म्हणशील, ते तर बैल बघायला गेलेत. ते बैल बघायला गेलेले नाहीत, आणि गेल्या महिन्यातही गेले नव्हते. दोन्ही खेपा इथंच होते. मला तुझी शपथ घातली होती, म्हणून लिहिलं नाही. आज त्यांनीच मोकळी केली.

पहिल्या खेपेला पोतंभर वाल घेऊन दारात उभे. चहा घेतला, विठूला मांडीवर घेतलं, त्याची बोटं मोजत बसले. ह्यांना म्हणाले, "लडकू, तुझी ड्युटी कवा सुटते? जरा माझ्यासंगती चल." दोघं निघाले. पुढं हे, मागं ते, मध्ये एक अक्षर नाही. खिडकीतून बघत होते मी. उन्हात कापूस उडत होता आणि त्यातून ते दोघं दवाखान्याच्या रस्त्याला लागले. तिथून त्यांना ठाण्याला जायला सांगितलं, तिथंही हे बरोबर गेले. हे म्हणाले, भावजींचे हात एवढे थंड होते की बसचं तिकीट धरता येईना.

काल दोघं ठाण्याला जाऊन निकाल घेऊन आले. भावजी उंबऱ्यावर बसले. बराच वेळ लूमचा आवाज ऐकत राहिले. मग म्हणाले, "काशी, तुझ्या बहिणीत काय बी न्हाय. जे हाय ते माझ्यात हाय. डॉक्टर म्हनतो, पोरपणी गालगुंड झालेले, त्यानं बी झालं आसंल. आता इलाज न्हाय."

ते पुढं म्हणाले, "आठ वर्सं ती कोनाकोनाचं ऐकून घेते. मी बाजूला बसून ऐकायचो. मला वाटायचं, बायकांचं हाय, बायका बघतील."

"तुम्हीच सांगा ताईला," मी म्हणाले.

"माझ्यानं न्हाय व्हनार. तू लिही. कागद फुडं जाऊ दे. मी दोन दिवस हितंच ऱ्हातो, मंग जातो."

म्हणून आधी हा कागद येतोय. आत्ता ते ओट्यावर विठूला पायांवर झोपवून झोके देतायत. डोळे मिटलेत त्यांचे. सासूबाई त्यांच्यासाठी भाकरी थापतायत आणि उगीचच मोठ्यानं बोलतायत, म्हणजे त्यांना कुणाशी बोलावं लागू नये.

तुझी काशी


गणेशपुरी,
१२ मार्च १९७८

काशे,

पत्र आलं तेव्हा बालवाडीतली पोरं झोपली होती. मी त्यांच्यात बसून वाचलं. मग बाहेर जाऊन रिकाम्या खाचरात उभी राहिले. पायाखाली ढेकळं होती, पण मला वाटत होतं मी कुठंतरी वर आहे, ढगात वगैरे, तुझ्यासारखी. आनंद झाला का? नाही गं. खूप हलकं वाटलं, आणि त्याच वेळी त्यांच्यासाठी पोटात तुटलं. आता आपल्याला मूल होणार नाही, हेही त्याच कागदात होतं. ते कळायला मला संध्याकाळ झाली.

ते दुसऱ्या दिवशी शेवटच्या बसनं आले. पाय धुतले, माझ्याकडं न बघता पाटावर बसले. मी त्यांचं ताट वाढलं.

"दोघांचं वाढ," ते म्हणाले.

आई चुलीपाशी होत्या. या घरात बायका मागाहून जेवतात. मी तशीच उभी राहिले.

"बस म्हनतो ना." आणि मग आईंना म्हणाले, "आये, हिला आजपासून काय बोलायचं न्हाय. दोष माझा हाय. डॉक्टरनं सांगितलाय." एवढं बोलून त्यांनी दुसऱ्या ताटात माझ्यासाठी आमटी वाढली, थोडी सांडली. आईंनी उठून मीठ आणून ठेवलं, माझ्या बाजूला.

त्यांनी हे घरात ठेवलं नाही. गिरणीवर कुणी तरी नेहमीसारखं टोचून बोललं, तेव्हा सरळ सांगून आले. ज्याला पाच माणसांत आपलं नावही मोठ्यानं घेता येत नाही, तो माणूस. दोन दिवसांत सगळ्या गावाला ठाऊक झालं. काही हसले. हे खाली मान घालून कामाला जातात आणि खाली मान घालून घरी येतात, पण आता माझ्या बरोबरीनं चालतात.

आज पहाटे मी कुंडावर गेले. धुकं उरलं नाही, पण पहाटेचा गारवा आहे, वाफ होतीच. पाण्यात उतरले तसे सगळे आवाज थांबले. त्यात राहीबाई होती, तिच्या बांगड्यांवरून मला कळलं. मनात म्हटलं, ही बोलली तर बोलू दे. आज मी उठणार नाही.

नुसतं पाणी दगडाला लागत होतं. मग माझ्या अगदी जवळून तानीचा आवाज आला.

"बाय, लगीन झालं की लगीच पोर व्हायलाच लागतं का?"

तिची आई पलीकडं होती. तिच्या लेकीला तिच्यासमोर काय सांगू? बांगड्या वाजल्या. मला वाटलं, ती उठून तानीचा हात धरणार.

"सांग ना, जानके," राहीबाई म्हणाली. "मी बी ऐकते हाय."

काशे, मग मी सांगितलं. पहिल्यापासून सांगितलं. उजाडत आलं, वाफ विरत गेली, एकेकीचं तोंड दिसायला लागलं, तरी कुणी उठलं नाही.

तुझी ताई